जुना फ्रीज नेमका किती जुना?

गोल खांदे, जाड दार, क्रोमचं जड हँडल असा फ्रीज दिसला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "आजोबांनी पन्नास साली घेतलाय." दारावर नाव गोदरेजचं. गोदरेजने पहिला फ्रीज बनवला १९५८ साली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे जी.ई.च्या, सहकार्याने. तेव्हा एक तर आजोबांचं साल चुकलंय, नाही तर फ्रीज दुसराच आहे. खोटं कुणी बोलत नसतं. घरातल्या वस्तूंचं वय आठवणीत वाढत जातं, आणि फ्रीजच्या बाबतीत तर फारच.

सर्वांत पक्का गैरसमज आकाराचा: गोल कोपरे म्हणजे पन्नासचं दशक. अमेरिकन फ्रीजपुरतं हे बरंचसं खरं आहे. तिथे साठीत चौकोनी, सपाट फ्रीज रूढ झाले. आपल्याकडे हा नियम लावू नये. पत्र्याला आकार देणारे साचे महाग असतात, आणि फ्रीजसाठी लोक नंबर लावून थांबत असतील तर कंपनीला साचा बदलण्याची घाई नसते. शिवाय जुन्या घाटाची हौस परत आलेली आहे. इटलीच्या स्मेगचा गोलसर फ्रीज १९९७ मधला आहे. रंगावर तर अजिबात जाऊ नये. रंग कधीही नवा मारता येतो.

मग वय कुठे वाचायचं? नेमप्लेटवर. ती पाठीमागे, तळाशी किंवा दाराच्या आतल्या कडेला असते. लोक तिच्यावरचा नंबर पाहतात आणि त्यात साल शोधतात. नंबरात साल सरळ लिहिलेलं क्वचितच असतं. अमेरिकेतल्या जी.ई.च्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं, पण वर्षाची अक्षरं दर बारा वर्षांनी फिरून तीच येतात. १९७७ चं अक्षर १९८९ लाही तेच आणि २००१ लाही तेच. नुसत्या अक्षरावर साल ठरवणाऱ्याची चूक एकदम बारा वर्षांची होते.

मला नंबरापेक्षा नेमप्लेटवरचा बाकीचा मजकूर जास्त बोलका वाटतो. कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ती पट्टी १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची असू शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी मुंबईचे पत्ते 'बॉम्बे १', 'बॉम्बे १२' असे लिहीत. पिनकोड नाही म्हणून फ्रीज बहात्तरच्या आधीचा, असं मात्र उलटं म्हणता येत नाही. जुन्या पट्ट्या संपेपर्यंत वापरल्या जातात. पत्त्यात 'मुंबई' असेल तर फ्रीज बहुधा १९९५ नंतरचा. विजेच्या आकड्यापुढे 'सायकल्स' लिहिलंय की 'हर्ट्झ', तेही पाहावं. हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० साली आलं आणि पट्ट्यांवर रुळायला आणखी वेळ गेला. ११५ व्होल्ट, ६० सायकल्स असं लिहिलेलं असेल, तर तो फ्रीज मुळात अमेरिकेतल्या विजेसाठी बनलेला आहे. तो इथल्या प्लगला थेट जोडू नका.

दारावरच्या नावातही फसगत होते. 'गोदरेज-जी.ई.' हे जोडनाव वाचून काही जण फ्रीज १९५८ च्या खेपेतला समजतात. या दोन कंपन्यांनी नव्वदच्या दशकात पुन्हा भागीदारी केली, ते नाव त्या काळातलं आहे.

गॅसविषयी दोन समज आहेत आणि दोन्ही अर्धवट. एक म्हणजे, जुन्या फ्रीजमधला गॅस विषारी. १९२७ मध्ये आलेल्या जी.ई.च्या 'मॉनिटर टॉप'मध्ये, ज्याच्या डोक्यावर कॉम्प्रेसरचा गोल डबा असे, सल्फर डायऑक्साइड होता. तो खरंच घातक. पुढे तीसच्या दशकात फ्रिऑन आला. आपल्या घरांतल्या जुन्या फ्रीजमध्ये बहुधा तोच, म्हणजे आर-१२, असतो. तो श्वासाला तसा घातक नाही, ओझोनच्या थराला आहे. म्हणून मेकॅनिकला तो हवेत सोडू देऊ नका. दुसरा समज, आर-१२ म्हणजे फार जुना फ्रीज. भारतात नव्या फ्रीजमध्ये हा गॅस वापरायला १ जानेवारी २००३ पासून बंदी आली. म्हणजे पट्टीवरचा आर-१२ एवढंच सांगतो की फ्रीज त्याआधीचा आहे.

कॉम्प्रेसरवरची तारीख ही कॉम्प्रेसरची तारीख. चाळीस वर्षांत तो एकदाही बदलला नाही, असा फ्रीज विरळा.

आणि कॉम्प्रेसरच नसेल तर? "कुणीतरी काढून विकला," असं म्हणत असा फ्रीज भंगारात घालू नका. तो रॉकेलवर चालणारा असू शकतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली आणि इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. खाली ज्योत, आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. हलणारा एकही भाग नाही. वीज न पोहोचलेल्या ठिकाणी हेच फ्रीज चालत. मात्र त्याच्या नळ्या कापायच्या नाहीत, अमोनिया आणि हायड्रोजन दाबाखाली असतात.

शेवटची खूण दाराची. खटका दाबून किंवा ओढून उघडणारं दार आणि किल्लीचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी. किल्ली आपल्याकडच्या पुष्कळ नंतरच्या फ्रीजनाही होती. खटक्याचं दार आतून उघडत नाही. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळताना मुलं गुदमरून गेली, म्हणून अमेरिकेने १९५६ साली कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे, असं बंधन आलं. दाराच्या रबरात चुंबक सर्रास बसू लागला तो याच सुमारास. म्हणून अमेरिकन फ्रीजला खटका असेल तर तो त्या तारखेच्या आधीचा.

तुमच्याकडे असा खटक्याचा फ्रीज पडून असेल, तर रंग देण्याआधी नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा. आणि आजच त्याचा खटका काढा, नाही तर दारच उतरवून ठेवा.