आडनाव आणि गुणसूत्र

नेवाशाचे ते नेवासकर, गावचे दप्तर राखणारे ते कुलकर्णी. तेव्हा दोन कुलकर्णी एकाच पुरुषाचे वंशज असतीलच असे नव्हे. ‘वाय’ गुणसूत्र मात्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. डीएनए-परीक्षेत दोन पुरुषांचे ते बारकाव्यांसह जुळले, तर त्यांचा पितृवंश एक ठरतो. त्यावर आडनाव लिहिलेले नसते. १४९० साली नगरची निजामशाही स्थापणाऱ्या अहमदशहाचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मणपुत्र, असे फिरिश्ता लिहितो. म्हणजे नाव पालटले, धर्म पालटला, गुणसूत्र तेच राहिले. दत्तकाचे याच्या उलट : आडनाव घरचे, गुणसूत्र दुसऱ्याचे. म्हणून परीक्षा जुळली नाही, तरी ज्या दत्तक पूर्वजाने घराचा दिवा तेवत ठेवला, त्याला आम्ही परका म्हणणार नाही.