कडबा, वाढं आणि ‘ईक आउट’

वाशीसारख्या तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवताना व्याकरणाची अडचण फार काळ टिकत नाही. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं पोरं घोकून घोकून पक्की करतात. अडतं ते एका लहानशा टोळीपाशी: ईक आउट, स्क्रेप थ्रू, स्क्राउंज, वँगल, मडल थ्रू. गाइडात या सगळ्यांपुढं एकच अर्थ छापलेला असतो, ‘कसेबसे मिळवणे’. पाठांतराला तो सोयीचा आहे, पण वाक्य करायला सांगितलं की कोणतंही क्रियापद कुठंही जाऊन बसतं. ही टोळी फळ्यावर कशी सुटत गेली, त्याचे हे किस्से.

‘स्क्रेप थ्रू’ला वेळच लागला नाही. पस्तीस मार्क म्हटलं की अख्खा वर्ग ओरडतो, “काठावर पास!”

‘ईक आउट’ सुटलं ते एका मुलीमुळं. उन्हाळ्यात कडब्याची गंज संपत आली की घरी काय करता, असं विचारलं होतं. ती म्हणाली, “सर, पुरवून पुरवून घालतो. कडब्यात उसाचं वाढं मिसळायचं, मग गंज पावसापर्यंत जाती.” मोठमोठ्या कोशांतही इतका नेमका अर्थ मी वाचलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘ईक’चा अर्थच वाढवणं, भर घालणं असा होता. टोपणनावाला आपण ‘निकनेम’ म्हणतो, ते मूळचं ‘ॲन ईकनेम’, म्हणजे जोडीचं नाव. बोलता बोलता ‘ॲन’मधला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि तिथंच राहिला. तेव्हा ‘ईक आउट’ म्हणजे अपुऱ्या साठ्यात दुसऱ्या कशाची तरी भर घालून तो लांबवणं. पोट भरण्यासाठी हे क्रियापद वापरतात, तेही याच अर्थाच्या ओघात. भूम-वाशीकडचं कोरडवाहू रान एकट्यानं घर चालवत नाही. त्याला दोन म्हशींची आणि खव्याच्या भट्टीला घातलेल्या दुधाची जोड लागते. ही जोड ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना ‘ईक आउट’ घोकावं लागत नाही.

‘स्क्राउंज’ची गोष्ट रणांगणातली आहे. शब्द मूळचा इंग्लंडच्या बोलीतला, पण सगळीकडं पसरला तो पहिल्या महायुद्धात, शिपायांच्या तोंडून. छावणीच्या आसपास लाकूड, पत्रा, खाण्याचा डबा, जे हाती लागेल ते कुणाला न विचारता पैदा करणं म्हणजे स्क्राउंज. त्याच युद्धात 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातल्या कूत गावी पुणे डिव्हिजनला वेढा पडला होता. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. रसदीची वाट बंद झाली, रोजचा शिधा घटत गेला, शेवटी घोडे कापावे लागले. वर्गात हे सांगतो तेव्हा एक गोष्ट मुलांच्या लगेच ध्यानात येते. स्क्राउंज करायचं तर आसपास कुणापाशी तरी काही शिल्लक असावं लागतं. कूतमध्ये तेही उरलं नव्हतं.

‘वँगल’ हा छापखान्यातला शब्द. इंग्रजी मुद्रकांच्या 1888 सालच्या शब्दसंग्रहात तो सापडतो: युक्तीनं काम आपल्या मनासारखं जुळवून आणणं. पोरं हमखास त्याची ‘रँगल’शी, म्हणजे भांडणाशी, गल्लत करतात. त्यावर एसटीचा उपाय चालतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली तर वँगल. त्या रुमालावरून जी वादावादी होते ती रँगल.

‘मडल थ्रू’ म्हणजे पक्का आराखडा नसताना धडपडत निभावून नेणं. चार्ल्स लिंडब्लॉम यांनी 1959 साली याच शब्दावर निबंध लिहिला आणि सरकारी धोरणंही बहुतेक अशीच पुढं सरकतात, असं दाखवून दिलं.

एवढ्या छटा गाइडात का येत नाहीत? मला वाटतं, गाइडवाले बोलणाऱ्या माणसाला विचारायलाच जात नाहीत. मोल्सवर्थनं तसं केलं नव्हतं. 1831 साली निघालेल्या त्याच्या मराठी-इंग्रजी कोशामागं शास्त्रीमंडळींची मेहनत होती, आणि पोथीतल्या शब्दांच्या जोडीला घरादारातले, शेतशिवारातले शब्दही त्यात मानानं बसले. लोक त्याला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणू लागले. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. कँडी या इंग्रज सहकाऱ्यासोबत केलेला त्याचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. परकी माणसं आपल्या बोलीपुढं इतकी कान देऊन बसली, आणि आपण आपल्याच मुलांना ‘कसेबसे’ एवढ्या एका शब्दावर बोळवतो, हे मला खरोखर लागतं.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या तासाला अर्थ लिहून देण्याआधी एवढंच विचारा: चारा कमी पडला, पैसे कमी पडले, गाडीत जागा नसली, तर तुमच्या घरी काय करतात आणि त्याला काय म्हणतात? जे उत्तर येईल ते आधी फळ्यावर लिहा. इंग्रजी शब्द त्याच्या शेजारी लिहा.