एकच रेकॉर्ड, दोन कान

पिंपरी-चिंचवडच्या चिखली-तळवडे भागातल्या एखाद्या मशिनशॉपमध्ये जुना सीएनसी ऑपरेटर मशिनकडे पाठ करून उभा असला, तरी टूल बोथट होत आलंय हे त्याला कळतं. आवाज किंचित बदललेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या नव्या पोराच्या कानावर तोच आवाज पडतो, पण त्याला त्यात काही वावगं जाणवत नाही. दोघांचे कान सारखेच धड आहेत. फरक एवढाच, की जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात आवाज कसा यायला हवा याचा पक्का अंदाज बसलेला आहे आणि आवाज त्या अंदाजापासून केसभर सरकला तरी त्याचं लक्ष वेधलं जातं.

संगीताबद्दलची आपली मतंही अशीच बनतात. हे इतकं साधं आणि इतकं विलक्षण आहे, की एकदा ध्यानात आलं म्हणजे कोणतीही रेकॉर्ड ऐकायची रीतच बदलते. त्यासाठी उदाहरण घ्यावं ते एका जॅझ गिटारवादकाने केलेल्या ब्लूज अल्बमचं. जॅझ आणि ब्लूज यांच्या बरोबर सांध्यावर असा अल्बम उभा असतो आणि दोन्हीकडचे श्रोते त्याला आपापल्या मापाने मोजतात.

८ जानेवारी १९६३. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एंगलवुड क्लिफ्स इथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत पाच वादक जमले होते. गिटारवर केनी बरेल, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरेंटाइन, बासवर मेजर हॉली, ड्रमवर बिल इंग्लिश आणि काँगांवर रे बारेटो. पियानो मुद्दाम ठेवलेला नव्हता. त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेल्या सात रचना ‘ब्लू नोट’ कंपनीने ‘मिडनाइट ब्लू’ या नावाने प्रसिद्ध केल्या. साठ वर्षं उलटून गेली, तरी जॅझ गिटारवादकाच्या ब्लूज अल्बमचा विषय निघाला की हे नाव निघतंच.

आणि वादही निघतो. ब्लूजवर जीव टाकणारा श्रोता म्हणतो, ‘वाजवलंय सुरेख, पण फार सभ्य आहे. सूर ओरबाडत नाही, घसा बसत नाही, घाम दिसत नाही.’ जॅझचा श्रोता म्हणतो, ‘इतके कमी सूर वाजवून इतकं सांगणारा माणूस दुसरा दाखवा.’ तिसरा एखादा म्हणतो, ‘हे दोन्हींतलं काहीच नाही, रात्री मंद आवाजात लावायचं संगीत आहे.’ तिघांनीही रेकॉर्ड मन लावून ऐकलेली असते आणि तिघांनाही रेकॉर्डमध्ये खरोखर असलेलीच गोष्ट ऐकू आलेली असते. मग मतं इतकी दूर कशी जातात?

बरेल यांच्या गावापासून सुरुवात करू. त्यांचा जन्म १९३१चा, डेट्रॉइटचा. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. टाटा मोटर्सच्या कारखान्यालगत राहणाऱ्या चिखलीकराला त्याचं चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. आपल्याकडे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं पिंपरी-चिंचवडला आली, तशी तिकडे दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघाली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख माणसांनी असा मुलूख बदलला. येताना त्यांनी ब्लूज आणला. मिसिसिपीहून आलेला जॉन ली हुकर डेट्रॉइटच्या फोर्ड कारखान्यात काम करत होता आणि उरलेल्या वेळात गात होता. १९४८ साली त्याने ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं. एक माणूस, एक गिटार आणि जमिनीवर ठेका धरणारा पाय, बस्स. त्याच शहरात वाढलेल्या बरेल यांनी १९५१ साली जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबर आपलं पहिलं ध्वनिमुद्रण केलं आणि १९५५ साली वेन विद्यापीठातून संगीतरचनेची पदवी घेतली. एकाच मोटारनगरीच्या हवेत दोन गिटारी वाढल्या, दोन्ही ब्लूजच वाजवत होत्या आणि दोघींचा आवाज ऐकून त्या सख्ख्या शेजारणी आहेत हे कुणाला पटणार नाही.

दोघींच्या पायाशी चौकट मात्र एकच आहे. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा घरांचं असतं आणि प्रत्येक घरात चार मात्रा. बारा चोक अठ्ठेचाळीस. विलंबित एकतालाची मैफल ऐकलेला मराठी श्रोता इथे चमकेल, कारण बारा मात्रांचा एकताल अतिविलंबित लयीत चौपट करून मोजला की तोही अठ्ठेचाळीसच भरतो. दोन परंपरांनी एकमेकींना न विचारता सारखाच आकडा गाठावा, याचं मला नेहमी नवल वाटतं. आवर्तनात आपण कुठे आहोत, हे एकतालात तबल्याचे बोल सांगतात. ब्लूजमध्ये ते काम कॉर्ड करतात, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर. पहिली चार घरं षड्जाच्या कॉर्डवर, पुढची दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक घर पंचमाचं, एक मध्यमाचं आणि शेवटची दोन परत षड्जावर. गाण्याची ओळ आधी एकदा म्हणायची, पुन्हा तीच म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. मधल्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. टाळगाव चिखलीच्या देवळात ज्याने भजनाची ओळ उचलून धरली आहे, त्याला हा सवाल-जवाब समजावून सांगावा लागणार नाही.

ही चौकट दोन-तीन वेळा कानांवरून गेली की डोकं पुढचं घर आधीच ओळखू लागतं. हुकर ती चौकट हवी तिथे ताणतो, घर लांबवतो, गाणं थांबेपर्यंत एकाच कॉर्डवर ठिय्या देतो. बरेल चौकटीला हात लावत नाहीत. ते तिच्या आतल्या खोल्या सजवतात. जिथे एक कॉर्ड पुरेसा होता तिथे दोन जवळचे कॉर्ड सरकवतात, एखादा परका स्वर क्षणभर दाखवून परत घरी येतात. जॅझच्या कानाला यात ऐवज सापडतो. ब्लूजचा कान हुकरच्या ठिय्याची वाट बघत बसलेला असतो.

दुसरा भेद गंधाराचा आहे. पाश्चात्त्य वाद्यांच्या आजच्या मेळात षड्जापासून कोमल गंधार ३०० सेंटवर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक) आणि शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो. पियानोवर या दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नाही. ब्लूजचा जीव नेमका त्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. तिथला गंधार एका जागी उभा राहत नाही, खालून वर सरकत राहतो. दरबारीचा आंदोलित गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना एका स्वराच्या हलण्यात किती काही मावतं हे ठाऊकच आहे. दोन्ही गंधारांची वाट वेगळी आणि भाव वेगळा, पण पियानोच्या पट्टीला दोन्ही सारखेच दाद देत नाहीत. ‘मिडनाइट ब्लू’मध्ये पियानो नाही, तेव्हा ही जागा मोकळी राहिली. टरेंटाइनचा सॅक्सोफोन तिथे मनसोक्त फिरतो. ‘सोल लमेंट’ या रचनेत तर बाकीचे सगळे थांबतात आणि गिटार एकटी उरते.

गिटारवर त्या जागेत जायचं तर तार बोटाने बाजूला ओढावी लागते. ताण वाढतो, स्वर चढतो. इथे वाद्याची घडण आड येते. ब्लूजवाले सहसा बारीक तारांची, भरीव लाकडाची गिटार घेतात आणि तार हवी तितकी वाकवतात. जॅझवाले पोकळ पेटीच्या गिटारवर जाड तारा लावतात. त्यांचा नाद गोल आणि भारदस्त येतो, पण त्या सहजी वाकत नाहीत.

मग ॲम्प्लिफायर. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला, की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. त्या छाटण्यातून मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्मतात आणि आवाजाला फाटलेल्या गळ्याची धार येते. १९३०च्या दशकापासून जॅझ गिटारवादकांनी ॲम्प्लिफायरचा उपयोग केला तो मुख्यतः सॅक्सोफोन आणि ड्रमपुढे आपला स्वच्छ आवाज ऐकू जावा म्हणून. ब्लूजवाल्यांनी पुढे त्या फाटण्यालाच आपली वाणी केलं. तेव्हा ‘फार सभ्य आहे’ हे मत हवेतून आलेलं नसतं. त्यामागे श्रोत्याच्या कानाला न सापडलेले ते उपस्वर आणि न वाकलेली ती तार असते.

आता सगळ्यात थक्क करणारा भाग. लिओनार्ड मायर या अभ्यासकाने १९५६ सालीच मांडलं होतं, की संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते. अपेक्षा जागी करायची, ती लांबवायची, मोडायची किंवा पुरवायची. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. अंगावर काटा आणणाऱ्या क्षणी मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवत होतंच, पण त्या क्षणाच्या आधी, नुसत्या चाहुलीनेही ते स्रवत होतं आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. २०१९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ७४५ लोकप्रिय अमेरिकन गाण्यांतल्या सुमारे ८०,००० कॉर्डचं गणित मांडून श्रोत्यांची आवड तपासली. पुढे काय येणार याची खात्री असताना जेव्हा धक्का बसला, तेव्हा लोकांना आनंद झाला. काहीच अंदाज नसताना जेव्हा ओळखीचं काही आलं, तेव्हाही आनंद झाला.

हे निष्कर्ष आपल्या रेकॉर्डवर ठेवून पाहा. ब्लूजच्या श्रोत्याला बारा घरं पाठ आहेत. त्याला हवा असलेला धक्का स्वराच्या पोतातला आहे, तार किंचाळण्याचा आहे. बरेल तो देत नाहीत, कॉर्डमधला धक्का देतात. जॅझच्या श्रोत्याच्या डोक्यात गुंतागुंतीच्या कॉर्डची रेलचेल आहे. त्याला इतकी मोकळी, ओळखीची चौकट मिळाली की घरी आल्यासारखं वाटतं. सूर तेच आहेत, पण दोघांच्या डोक्यांत चालू असलेले अंदाज निराळे, म्हणून आनंदाच्या जागाही निराळ्या.

आपल्याकडेही हे घडत आलं आहे. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा रंगभूमीवरचे बालगंधर्व कानांत साठवून आलेला श्रोता आणि कुमारांचा ख्याल कानांत घेऊन आलेला श्रोता एकाच सभागृहात बसून दोन वेगळ्या वाटा चालत होते. मुंबईने तर जॅझही जुन्या काळापासून ऐकला आहे. ‘मिडनाइट ब्लू’ झाली त्याच १९६३ साली जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आपला ताफा घेऊन मुंबईत वाजवून गेले. १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला आणि बडी गाय या ब्लूज गिटारवादकाची किंचाळणारी गिटार लोकांनी प्रत्यक्ष ऐकली. ज्याचा कान त्या गिटारवर तयार झाला, त्याला बरेल सौम्य वाटणारच.

आणि मुंबईनेच जगाला अमान्सियो डिसिल्वा दिला. गोमंतकीय कुटुंबात १९३६ साली जन्मलेला हा जॅझ गिटारवादक १९६७ साली लंडनला गेला. १९६९ साली त्याचा ‘इंटिग्रेशन’ हा अल्बम आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा ‘हम दोनो’ निघाला. १९७२ साली त्याने ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केला. तो लोकांपर्यंत पोचायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. आज त्याच्या रेकॉर्ड शोधून शोधून ऐकल्या जातात. अल्बम होता तसाच आहे, ऐकणारे कान मधल्या काळात तयार झाले.

मत बनायची ही प्रक्रिया स्वतःच्या कानांनी पकडायची असेल, तर एक प्रयोग करून पाहा. ‘मिडनाइट ब्लू’ची पहिली रचना ‘चिटलिन्स कॉन कार्ने’ ऐका. मग तीच रचना टेक्ससच्या स्टीव्ही रे वॉन या ब्लूज गिटारवादकाने वाजवलेली ऐका. त्याच्या मृत्यूनंतर १९९१ साली निघालेल्या ‘द स्काय इज क्राइंग’ या अल्बमवर ती आहे. रचना एक, चौकट एक, वाद्यही गिटारच. पहिल्या खेपेला फक्त बारा घरं मोजा. दुसऱ्या खेपेला फक्त गंधार ऐका, तो कुठे वाकतो आणि कुठे ताठ राहतो ते. तिसऱ्या खेपेला काही मोजू नका, नुसतं ऐका. तुमची आवड कदाचित पालटणार नाही, पण ती कशाने बनली आहे हे तुम्हाला बोट ठेवून सांगता येईल.

माझं मत विचाराल, तर ‘मिडनाइट ब्लू’ हा अस्सल ब्लूज आहे. कारखान्यांच्या शहरात वाढलेल्या माणसाने आपल्या शिक्षणासकट आणि आपल्या जाड तारांसकट वाजवलेला. तुमचं मत वेगळं असेल तर ते जरूर धरून ठेवा. फक्त एखादी रेकॉर्ड ‘जमली नाही’ म्हणून बाजूला सारण्याआधी, आपण तिच्यात नेमकं कशाची वाट पाहत होतो, एवढा प्रश्न स्वतःला विचारा आणि ती आणखी एकदा लावा.