दुखत नाही, म्हणूनच दाखवा

आपल्या घरांत दुखणाऱ्या आजाराचीच दखल घेतली जाते. दाढ ठणकली तर रात्रीसुद्धा डॉक्टर गाठतो. स्तनातली गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. अंघोळ करताना हाताला लागलेली गाठ महिनोन्महिने ओढणीआड राहते. शौहरला सांगायची लाज, सासूची भीती. घरात मुलीचे नाते ठरत असेल तर बोलायलाच नको.

याला आम्ही हया मानत नाही. इलाज करून घेण्याची शिकवण खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. गरजेपुरते अंग डॉक्टरला दाखवायला शरीयतची मनाई नाही, असे उलेमा सांगतात. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडे जावे, इतकेच.

आणि तपासायला डॉक्टरच हवा असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, नुसत्या हाताने तपासले. ना मशीन, ना मोठा खर्च. या गटातला कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी ठेवलेली आहे. आशाताईंना विचारा.

काखेत गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात. सुई टोचली की आजार पसरतो, हा गैरसमज कित्येकींना घरी बसवतो. बाळाला दूध पाजल्याने धोका कमी होतो, संपत नाही. चार मुलांच्या अम्मीनेही निर्धास्त राहू नये. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर डॉक्टरला ते आधी सांगावे.

पाळी संपल्यानंतरचे दिवस तपासायला सोयीचे. पाळी थांबली असेल तर चांद दिसला की दुसऱ्या दिवशी, असे ठरवून घ्या. दवाखान्यात एकटीने जाववत नसेल, तर नणंदेला सोबत न्या. तिचीही तपासणी होऊन जाईल.