सरकारला ‘का?’ विचारण्याचा हक्क

‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे पार बदनाम झाला आहे. कचेरीत काम अडले की आपण शिफारशीची चिठ्ठी शोधतो, आणि ज्याला ती मिळत नाही तो बिचारा कपाळाला हात लावून घरी परततो. पण कायद्याच्या पुस्तकात एक निराळीच शिफारस आहे. ती दुबळ्याच्या बाजूने होते, आणि जो अधिकारी ती मानणार नाही त्याला आपल्या नकाराचे कारण लिहून द्यावे लागते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातली ही तरतूद घरोघरी ठाऊक असायला हवी.

तिची खरी किंमत पुण्याच्या पेठांत बसून कळायची नाही. त्यासाठी भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके डोळ्यांसमोर आणावे लागतील. रायरेश्वर, रोहिडा, तोरणा, राजगड ही आपली सहलीची ठिकाणे. पण त्यांच्या पायथ्याच्या वाडीत ज्याचा पाय अधू आहे, त्याला एस. टी.चा थांबा गाठणे हीच गडाची चढण! त्याने दाखल्यासाठी एक खेप घालायची, निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसील कचेरीत दुसरी, आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला जो ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्चायचा असतो त्याची चौकशी करायला तिसरी. एवढे करून ‘नामंजूर’ हा एकच शब्द हाती आला तर? दाखल्यावर ४० ऐवजी ३८ टक्के पडले तर? त्या दोन टक्क्यांपायी संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आणि नोकरीतली राखीव जागा, दोन्ही हातची जातात.

अशा वेळी दाद मागायच्या दोन वाटा आहेत. दाखल्यावरची टक्केवारी मान्य नसेल, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. हक्काची सेवा किंवा सवलत नाकारली गेली असेल, तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. साक्षीदारांना बोलावणे, सरकारी दप्तर मागवणे, शपथपत्रावर पुरावा घेणे, या बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

मात्र हे अधिकार चौकशीपुरते. आयुक्तांना मनाईहुकूम देता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्टेट बँक ऑफ पतियाळाच्या प्रकरणात दिला. तो १९९५ च्या जुन्या कायद्याखालचा होता. पण नव्या कायद्यानेही आयुक्तांच्या हाती शिफारसच ठेवली. ऑस्ट्रेलियात याहून पुढचे पाऊल पडले आहे. तिथल्या राष्ट्रीय अपंग विमा योजनेने एखादी सेवा नाकारली, तर २०२४ साली सुरू झालेले पुनर्विलोकन न्यायाधिकरण तो निर्णय रद्द करून त्या जागी आपला निर्णय देऊ शकते. तिकडे न्यायाधिकरण अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसते. आपल्याकडे आयुक्त त्या खुर्चीला जाब विचारतात.

मग ही शिफारस म्हणजे नुसते बुजगावणे का? तसेही नाही. कायद्याचे ८१ वे कलम सांगते, की शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्या कार्यालयाने काय केले ते आयुक्तांना कळवावे. मान्य नसेल तर तेवढ्याच मुदतीत कारणे द्यावीत आणि तक्रारदारालाही कळवावे. शिवाय आयुक्तांचा अहवाल अशा कारणांसह विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. कारण एकदा कागदावर उतरले, की ते उच्च न्यायालयातही तपासून घेता येते. मौनाशी कोण भांडणार? लेखी कारणाशी भांडता येते.

मावळच्या मातीला हे अगदीच नवे नाही. पूर्वी वतनाच्या तंट्यात गोतसभेचा निवाडा पटला नाही, तर वादी दुसरे थळ मागे आणि तिथे पुन्हा कैफियत मांडी. ज्याचे कागद शाबूत, त्याची बाजू भक्कम!

आजही मर्म तेच आहे. तोंडी नकारावर माघारी फिरू नये. नकार लेखी मागावा, त्यावरची तारीख पाहावी, अर्जाची पोच जपून ठेवावी. या दिवाळीत गावी जाल तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर एवढी माहितीही न्या. शेजारच्या घरातल्या त्या माणसाचा अर्ज लिहून द्यायला अर्धा तास पुरतो.