दुबळ्या संघाच्या विजयाचे गणित

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये दुबळा मानलेला संघ जिंकण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधताना पहिला आकडा सट्टाबाजारातून येतो. त्याला ‘स्प्रेड’ म्हणतात. वरचढ संघ किती गुणांनी पुढे राहील, यावर बाजाराचे जे एकमत होते, तो हा आकडा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेल येथे ‘फिएस्टा बोल’ हा उपांत्य सामना झाला. त्यात मिशिगनच्या समोर फोर्टवर्थची टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, म्हणजेच टीसीयू, होती आणि स्प्रेड मिशिगनच्या बाजूने साडेसात ते आठ गुणांचा होता.

या खेळात एक टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून सात गुण होतात. म्हणजे बाजाराच्या मते दोन संघांत फरक होता तो एका टचडाउनचा. प्रत्यक्ष निकाल मात्र स्प्रेडपासून सहज दहा-पंधरा गुणांनी इकडे-तिकडे सरकतात. म्हणून साडेसात गुणांनी मागे धरलेला संघ जिंकण्याची शक्यता पंचवीस ते तीस टक्क्यांच्या घरात येते. चार सामन्यांतला एक सामना हा काही चमत्कार नसतो. तरीही असा संघ जिंकला की ‘बाजार चुकला’ अशी ओरड होते. एका निकालावरून असा निवाडा देणे हा त्या आकड्यावर अन्याय आहे.

दुसरा आधार इतिहासाचा, आणि तो टीसीयूच्या विरोधात होता. चार संघांची प्लेऑफ २०१४ च्या हंगामात सुरू झाली. पहिल्या आठ हंगामांत झालेल्या १६ उपांत्य सामन्यांपैकी १२ सामन्यांचा निकाल १७ किंवा त्याहून जास्त गुणांच्या फरकाने लागला. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने फक्त तीन. याचे कारण खेळाडूंच्या भरतीत सापडते. शाळेतून येणाऱ्या खेळाडूंना तज्ज्ञ पाचपर्यंत तारे देतात. राष्ट्रीय विजेत्या संघांच्या चमूत चार-पाच तारेवाले खेळाडू निम्म्याहून अधिक असतात, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. टीसीयूकडे तेवढे नव्हते. पहिल्या फळीतला तुटपुंजा फरक शेवटच्या सत्रात, दमलेल्या पायांनी राखीव खेळाडू मैदानात येतात तेव्हा, मोठा होतो.

हंगामातल्या कामगिरीचे वाचन त्याहून अवघड. २०२१ मध्ये टीसीयूने पाच सामने जिंकले आणि सात गमावले होते. सॉनी डाइक्स नवे प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा बिग ट्वेल्व्ह गटातल्या हंगामपूर्व अंदाजात संघाला सातवे स्थान मिळाले. क्वार्टरबॅक मॅक्स डगन पहिल्या पसंतीचाही नव्हता. पहिल्याच सामन्यात चँडलर मॉरिसला दुखापत झाली, म्हणून तो मैदानात उतरला आणि वर्षअखेर सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात दुसरा आला. संघाने साखळीतले बाराही सामने जिंकले. गटाच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून जादा वेळेत ३१-२८ अशी हार झाली, तरीही निवड समितीने त्यांना तिसरे मानांकन दिले.

त्या बारा विजयांपैकी पाच विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांचे होते. बेलरविरुद्धचा सामना त्यात सर्वांत निसटता. टीसीयू दोन गुणांनी मागे, घड्याळ चालू, आणि खेळ थांबवण्याची एकही संधी हातात उरलेली नाही. अशा वेळी किकची अख्खी तुकडी बाजूच्या रेषेवरून धावत आत शिरली, जागा घेऊन उभी राहिली आणि ग्रिफिन केलने ४० यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. वेळ संपली, निकाल २९-२८. असे विजय विश्लेषकाला कोड्यात टाकतात. निसटत्या सामन्यांतले यश बव्हंशी नशिबाचे असते आणि पुढे टिकत नाही, हा अनुभव पक्का आहे. पण ती धावपळ नशिबाची नव्हती, सरावात घोटलेली होती. न्याय्य अंदाज या दोन्हींच्या मधला: संघ १२-० या आकड्याइतका भक्कम नाही, आणि टीकाकार म्हणत होते तितका पोकळही नाही.

दुबळ्या संघाच्या बाबतीत सरासरी ताकदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्याचा खेळ किती चढउतारांचा आहे. एका सामन्यात प्रत्येक संघाला चेंडूचा ताबा साधारण बारा-तेरा वेळा मिळतो. वरचढ संघ दर ताब्यागणिक थोडा थोडा फायदा साठवत जातो. दुबळ्याला तो हिशेब मोडून काढायला दोन-तीन मोठे तडाखे लागतात. टीसीयूकडे तसे तडाखे देणारा क्वेंटिन जॉन्स्टन होता. बचावात प्रशिक्षक जो गिलेस्पी यांची तीन-तीन-पाच ही रचना होती: पुढे तीन, मध्ये तीन, मागे पाच. मिशिगनच्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ती वेगळी, आणि मागे पाच जण असल्यामुळे पास हिसकावण्याची शक्यता वाढवणारी. शिवाय मिशिगनचा ब्लेक कोरम, ज्याने त्या हंगामात धावून १,४६३ यार्ड मिळवले होते, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता.

सामना याच वाटेने गेला. पहिल्याच खेळीत मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स ५४ यार्ड धावला. मग गोलरेषेपासून दोन यार्डांवर, चौथ्या प्रयत्नात, मिशिगनने सरळ धडक मारण्याऐवजी फसवी चाल रचली आणि ती उलटली. थोड्याच वेळात टीसीयूच्या बड क्लार्कने मिशिगनचा पास हिसकावून ४१ यार्ड धावत टचडाउन केला. दुसऱ्या सत्रात मिशिगनचा एक टचडाउन पंचांनी पुनरावलोकनात रद्द ठरवला. चेंडू गोलरेषेच्या अगदी अलीकडे ठेवला गेला आणि पुढच्याच खेळीत मिशिगनच्या हातून निसटला. तिसऱ्या सत्रात डी विंटर्सने आणखी एक पास पकडून गोलरेषा गाठली. चौथ्या सत्रात मिशिगन तीन गुणांपर्यंत जवळ आला, तेव्हा जॉन्स्टनने ७६ यार्डांचा टचडाउन करून ते अंतर पुन्हा वाढवले. निकाल ५१-४५.

एकूण यार्ड मिशिगनचे ५२८, टीसीयूचे ४८८. मिशिगनने गोलरेषेच्या दारातून दोनदा रिकाम्या हाताने परत येणे आणि टीसीयूच्या बचावाने दोन टचडाउन करणे, या चार प्रसंगांतच पंचवीसएक गुण फिरले. अंतिम फरक सहा गुणांचा. हा विजय पुरता कमावलेला होता. मात्र तोच सामना पुन्हा खेळवला असता तर पसंती मिशिगनलाच मिळाली असती, हेही तितकेच खरे.

९ जानेवारी २०२३ रोजी कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडमध्ये गतविजेत्या जॉर्जियाशी गाठ पडली. स्प्रेड तेरा गुणांच्या आसपास, म्हणजे शक्यता सहापैकी एक. फिएस्टा बोलमध्ये जखमी झालेला धावपटू केंड्रे मिलर खेळू शकला नाही. मध्यंतराला जॉर्जिया ३८-७ असा पुढे होता आणि सामना ६५-७ असा संपला. टीसीयूला सबंध सामन्यात २०० यार्डही मिळाले नाहीत. जॉर्जियाने गोलरेषेजवळ घोटाळे केले नाहीत आणि क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेटने पास फेकून चार व धावून दोन टचडाउन केले. तडाखा द्यायला जागाच उरली नाही. हे दोन सामने लागोपाठ जिंकण्याची शक्यता गुणाकाराने काढली, तर ती पाच टक्क्यांपेक्षा फार वर जात नाही.

२०२४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये बारा संघ घेतले जातात. त्यामुळे दुबळ्या संघांना दार उघडले, पण करंडकापर्यंतचे सामने वाढल्याने हा गुणाकारही लांबला. त्याच वर्षी बिग ट्वेल्व्हच्या हंगामपूर्व अंदाजात सर्वांत खाली असलेला ॲरिझोना स्टेट १ जानेवारी २०२५ रोजी टेक्सासविरुद्ध ‘पीच बोल’ खेळला. मध्यंतराला १७-३ असा मागे पडूनही कॅम स्कॅटबोच्या धावांवर त्याने सामना बरोबरीत आणला. अखेरच्या मिनिटांत टेक्सासच्या दोन फील्ड गोल किक हुकल्या आणि जादा वेळ सुरू झाला. जादा वेळेत ॲरिझोना स्टेट सात गुणांनी पुढे असताना टेक्सासला चौथ्या प्रयत्नात १३ यार्ड हवे होते. क्विन यूअर्सने मॅथ्यू गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन पास दिला. दुसऱ्या जादा वेळेनंतर टेक्सास ३९-३१ असा जिंकला.