हुमणी आणि गावचे पुढारपण



आधुनिक शेती म्हटली की ठिबक, सुधारित बेणे, माती परीक्षण या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. ही कामे ज्याला त्याला आपल्या रानात करता येतात. पण हुमणीला बांध कळत नाही. तिच्यापुढे एकट्याची हुशारी चालत नाही. तिथं गावाला पुढारीच लागतो.

कसे ते पाहा. वळवाचा चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे दिवस मावळताच बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. तिथंच नर-मादी एकत्र येतात. उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्यातून निघणारी अळी म्हणजेच हुमणी. ती पावसाळाभर मुळ्या खाते. ऊस पिवळा पडतो आणि बेटच्या बेट हातानं उपटून येतं. त्या वेळी औषध मुळापर्यंत पोचवणं खर्चाचं आणि बिनभरवशाचं. हुमणीची पिढी वर्षाला एकच. म्हणजे भुंगेरे मारण्याची संधीही वर्षातून एकदाच येते.

आता तुम्ही आपली बाभळ झाडली आणि शेजाऱ्यानं झाडली नाही, तर त्याच्या झाडावरचे भुंगेरे तुमच्या रानात अंडी घालणारच.

म्हणून प्रत्येक शिवारात एकानं पुढं व्हावं. त्यासाठी भाषण यायला नको, पद नको. मे महिन्यातच बांधावरच्या झाडांची यादी करावी. कोणती झाडं कोणाकडं, ते वाटून द्यावं. पाऊस झाला की त्याच संध्याकाळी सर्वांना हाक द्यावी. फांद्या हलवून पडलेले भुंगेरे गोळा करावेत व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे एका दिवसाचं काम नाही. भुंगेरे निघताहेत तोवर रोज करावं लागतं.

कोणी आला नाही तर चावडीवर त्याचा उद्धार करू नये. त्याचीही झाडं आपणच झाडून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी तो लाजून का होईना, येतो. आणि पुढाऱ्यानं पहिली फांदी स्वतः हलवावी. हुकूम सोडणाऱ्याच्या मागं गडी येतात. कामाला लागणाऱ्याच्या मागं गाव येतं.

झाडांची यादी झाली की आपल्या गट ऑफिसात कळवावी. शेतकी खात्याची माणसं त्या संध्याकाळी तुमच्यासोबत राहतील.

— ऊस विकास अधिकारी